बरणीत सोडियम, भोवती रॉकेल: क्रियाशील धातू साठवताना तेलाचाही हिशेब करा

दहावीच्या धातुविज्ञानाच्या धड्यात एक वाक्य सगळ्यांनी पाठ केलेलं असतं: सोडियम रॉकेलमध्ये ठेवतात. का ठेवतात, हेही सांगता येतं. हवा आणि पाणी लागू नये म्हणून. इथे बहुतेकांचा विचार थांबतो. रॉकेल म्हणजे धातूचं संरक्षक कवच, एवढं डोक्यात बसतं आणि ते स्वतः इंधन आहे हे विसरायला होतं. शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये सोडियमची भीती सगळ्यांना असते, त्याच्याभोवतीच्या तेलाची कुणालाच नसते. हा लेख दोन्हींचा हिशेब मांडून साठवण कशी करायची ते सांगण्यासाठी आहे. विज्ञान शिक्षक, लॅब असिस्टंट आणि प्रयोगशाळा परिचर यांच्यासाठी तो लिहिला आहे. घरी सोडियम ठेवायची हौस असेल, तर ती सोडून द्या.

आधी आकडे

सोडियम पाण्यात पडला की दर ग्रॅममागे साधारण ८ किलोज्यूल उष्णता निघते. त्यातून सुटलेला हायड्रोजन पेटला तर आणखी पाचेक किलोज्यूल धरा. म्हणजे तेरा-चौदा. रॉकेल जळताना दर ग्रॅममागे सुमारे ४३ किलोज्यूल देतं, तिपटीहून जास्त.

आता अर्धा लिटरची एक बरणी घ्या. तिच्यात १०० ग्रॅम सोडियम आणि ३०० मिलिलिटर रॉकेल आहे. सगळा सोडियम पाण्याशी भिडला आणि हायड्रोजनही जळला, तर हिशेब १.३ मेगाज्यूलच्या आसपास जातो. रॉकेलचं वजन २४० ग्रॅम, त्यातली ऊर्जा १० मेगाज्यूलच्या वर. तीस अंशांचं ३५ लिटर पाणी उकळीला आणता येईल इतकी. सोडियम ही आगकाडी आहे आणि गवताची गंजी तुम्ही स्वतः तिच्याभोवती रचून ठेवली आहे.

तेलातली ही ऊर्जा एका झटक्यात बाहेर येत नाही, हा फरक नीट समजून घ्या. एक किलो रॉकेल पूर्ण जळायला जवळपास १५ किलो हवा लागते. ती हवा जशी मिळेल तसं ते जळतं. म्हणून रॉकेल भडकतं, पसरतं, बराच वेळ धगधगतं. सोडियमचं उलट. त्याला लागणारं पाणी समोर असतं, सगळा खेळ काही सेकंदांत उरकतो. २०१५ मध्ये प्रागच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. सोडियम-पोटॅशियमच्या मिश्रधातूचा थेंब पाण्याला लागताच इलेक्ट्रॉन धातूतून इतक्या झपाट्याने बाहेर पडतात, की मागे राहिलेला धनभार स्वतःलाच ढकलतो आणि धातूच्या पृष्ठभागातून काटे फुटतात. हायड्रोजन पेटण्याआधीच स्फोटाची सुरुवात झालेली असते.

लॅबमधल्या खऱ्या अपघातात हे दोन्ही एकामागोमाग येतात: बरणी फुटते, सोडियम ओल्या फरशीवर पडतो, ठिणगी उडते आणि रॉकेल पेट घेतं. पहिला भाग डोळ्यांवर येतो, पण खोली जळते ती दुसऱ्या भागात.

तेल कोणतं?

हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८०७ मध्ये लंडनला विजेच्या जोरावर आधी पोटॅशियम आणि पाठोपाठ सोडियम वेगळा केला, तेव्हाच हे धातू टिकवायचे कसे हा प्रश्न त्याच्यापुढे आला. त्याने ताजं ऊर्ध्वपातित नॅप्था, म्हणजे एक हलकं खनिज तेल, वापरलं. रॉकेलची आपली पद्धत त्याच घराण्यातली आहे. पण डेव्हीकडे जे हाताशी होतं, तेच आपण वापरलं पाहिजे असं नाही.

भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो बिंदू, किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. प्रत्यक्षात तो थोडा वर असतो. आता नागपूर, अकोला, चंद्रपूरचा मे महिना आठवा. पत्र्याच्या छपराखालची बंद लॅब, लोखंडी कपाट, बाहेर ४५ अंश. त्या कपाटातलं रॉकेल दुपारभर ज्वलनबिंदूच्या वर बसलेलं असतं. झाकण सैल असेल तर कपाट उघडताच वास येतो. तो वास म्हणजे पेटू शकणारी वाफ.

लिक्विड पॅराफिन हे दाट, बिनरंगी खनिज तेल. त्याचा ज्वलनबिंदू दीडशे अंशांच्या पुढे आहे. गंमत अशी की जळालं तर तेही ग्रॅममागे जवळपास रॉकेलइतकीच ऊर्जा देतं. ऊर्जा कमी नाही, ती पेटवणं अवघड आहे. शिवाय ते उडून जात नाही. रॉकेलची पातळी उन्हाळ्याच्या सुट्टीत उतरते आणि जूनमध्ये कपाट उघडावं तर सोडियमचं डोकं वर आलेलं असतं. पॅराफिनमध्ये ही कटकट नाही. चिकटपणा हा त्याचा एकमेव त्रास. धातू टिपून घ्यायला फिल्टर पेपर जास्त लागतो आणि विद्यार्थी कुरकुरतात. कुरकुरू द्या.

माझा सल्ला सरळ आहे: सोडियमसाठी लिक्विड पॅराफिन घ्या. रसायनांच्या विक्रेत्याकडे मिळतं. मेडिकलच्या दुकानात मिळणारं बद्धकोष्ठाचं पांढरं दुधी औषध मात्र चुकूनही नको. त्यात पॅराफिन असलं तरी ते पाण्यात घोटलेलं असतं. स्वच्छ, बिनरंगी, पारदर्शक द्रवच घ्यायचा.

रॉकेलच वापरावं लागलं तर रेशनचं निळं नको, पांढरं घ्या. निळ्या रंगात धातूवर काय चढलंय ते दिसत नाही. वापरण्याआधी त्यात निर्जल कॅल्शियम क्लोराइड टाकून रात्रभर ठेवा आणि वरचं तेल अलगद ओतून घ्या. हा खटाटोप का, ते पुढे येतं.

पाणी तळाला जातं, सोडियमही तिथेच

रॉकेलची घनता साधारण ०.८, सोडियमची ०.९७ आणि पाण्याची १. म्हणजे सोडियम रॉकेलमध्ये बुडतो आणि पाण्यावर तरंगतो. बरणीत चुकून दोन थेंब पाणी गेलं, तर ते तळाशी जाऊन बसणार आणि सोडियमही तळालाच, नेमका त्याच्या माथ्यावर. तेलाने दोघांची भेट टळत नाही, उलट जुळून येते.

काही शिक्षक हे वर्गात दाखवतात. उंच मोजपात्रात खाली पाणी, वर रॉकेल. मसुराएवढा सोडियमचा तुकडा वरून सोडला की तो रॉकेलमधून खाली येतो, पाण्याला टेकतो आणि बुडबुड्यांनी वेढला जातो. हायड्रोजनचे बुडबुडे त्याला उचलून वर नेतात, वर गेल्यावर निसटतात, तुकडा पुन्हा खाली. असा तो वर-खाली होत लहान होत संपतो. आग लागत नाही, कारण तिथे हवा नसते. बघायला सुंदर आहे. तुमच्या बंद बरणीत हेच चाललं असेल तर मात्र हायड्रोजन कोंडतो आणि झाकण उघडताना फसकन बाहेर येतो. म्हणून जुनी बरणी उघडताना तोंड बाजूला ठेवून, झाकण पाव फेरा फिरवून थांबायचं. आवाज आला तर तळाशी पाणी आहे असं समजा.

बरणी भरण्याची रीत

पावसाळी दिवस टाळा. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये हे काम काढूच नका, हवेतल्या ओलीने तुकड्याची चकाकी डोळ्यांदेखत जाते. टेबल कोरडं हवं, जवळचा नळ बंद हवा, बर्नर आणि स्टोव्ह बंद. गॉगल हवाच. हातमोजे नायट्राइलचे आणि कोरडे. बोटांनी धातूला हात लावायचा नाही, घामाची ओलही पुरते.

बरणी रुंद तोंडाची, काचेची, प्लॅस्टिकच्या आट्यांच्या झाकणाची. घासून बसवलेलं काचेचं बूच नको. धातूवर तयार होणारा अल्कली (सोडियम हायड्रॉक्साइड) त्या फटीत साठतो आणि बूच घट्ट बसतं. मग कुणीतरी ते ठोकून उघडायला जातं. ॲल्युमिनियमचा डबाही नको, अल्कली त्याला खातो आणि हायड्रोजन सुटतो.

बरणी भट्टीत कोरडी करून थंड झाल्यावर आधी थोडं तेल घाला. मग चिमट्याने धातूचे तुकडे एकेक सोडा आणि धातूच्या वर दोन-तीन सेंटिमीटर येईल इतकंच तेल ओता. एवढं पुरे. ५० ग्रॅम सोडियमसाठी लिटरभर तेलाची बरणी भरणं ही सावधगिरी नाही, तो इंधनाचा साठा आहे. धातूच्या मानाने बरणी निवडा, म्हणजे तेल आपोआप कमी लागतं.

भरलेली बरणी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि मधली जागा व्हर्मिक्युलाइट या हलक्या, द्रव शोषणाऱ्या खनिजाने किंवा भट्टीत वाळवलेल्या वाळूने भरा. काच फुटली तरी तेल डब्यातच राहतं. या एका डब्याने जितका धोका कमी होतो, तितका बाकीच्या साऱ्या पाट्यांनी होत नाही.

लेबलवर धातूचं नाव, तेलाचं नाव, वजन, आल्याची तारीख आणि बरणी उघडल्याची तारीख लिहा. मराठीत मोठ्या अक्षरांत ‘पाण्यापासून दूर’ हवंच, कारण रात्री आग विझवायला धावणारा वॉचमन इंग्रजी वाचत बसणार नाही. वाहतुकीसाठी सोडियमचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक १४२८ आणि वर्ग ४.३ आहे, म्हणजे पाण्याशी भिडून पेटणारा वायू सोडणारे पदार्थ. निळा चौकोन टोकावर उभा असलेलं ते चिन्ह डब्यावर चिकटवा.

प्रत्येक धातूची तऱ्हा वेगळी

सोडियम त्यातल्या त्यात समजूतदार. जुना झाला की पांढरा-करडा थर धरतो. तो ऑक्साइड, अल्कली आणि कार्बोनेटचा असतो. तेलाखाली कापून टाकला की आत चांदीसारखा धातू मिळतो.

पोटॅशियमशी असं वागायचं नाही. ते हवेतल्या ऑक्सिजनशी सुपरऑक्साइड बनवतं आणि तेलात विरघळलेला थोडा ऑक्सिजनही त्याला वर्षानुवर्षं पुरतो. हा थर पिवळा ते नारिंगी दिसतो. त्याच्या आत ताजा धातू, बाहेर तेल, मध्ये जोरदार ऑक्सिडीकारक, म्हणजे दुसऱ्याला ऑक्सिजन पुरवून पेटवणारा पदार्थ. सुरी चालवली की तिघं एकत्र दाबले जातात आणि स्फोट होऊ शकतो. म्हणून नियम असा: पोटॅशियमवर पिवळी किंवा नारिंगी झाक दिसली तर कापायचं नाही, खरवडायचं नाही, बरणी हलवायचीही नाही. लेबल लावून आहे तिथेच ठेवायची आणि थेट विल्हेवाटीच्या यादीत घालायची. दर वर्षी न वापरलेलं पोटॅशियम काढून टाकणं हाच खरा उपाय. शाळेत ते मुळात घ्यावंच का, हा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारतो. पाण्याशी होणारी क्रिया दाखवायला सोडियमचा तुकडा पुरतो.

पोटॅशियमची घनता ०.८६ आहे. रॉकेलमध्ये ते बुडतं, पण जड लिक्विड पॅराफिनची घनताही त्याच्याच जवळपास असते, त्यामुळे तुकडा कधी मध्येच लोंबकळतो, कधी वर येतो. तेलाची पातळी बाहेरून ठीक दिसते आणि तुकड्याचं टोक हवेत असतं. बरणी प्रकाशाकडे धरून बघा.

लिथियम तर कुठल्याच नेहमीच्या तेलात बुडत नाही. घनता ०.५३. तेलात टाकला की बुचासारखा वर येतो आणि उघडा पडतो. छोट्या बाटलीत तोंडापर्यंत तेल भरून तो दाबून ठेवावा लागतो, किंवा त्याला पेट्रोलियम जेलीचा अथवा मेणाचा जाड लेप देतात. लिथियमची आणखी एक खोड अशी की ते साध्या तापमानालाही हवेतल्या नायट्रोजनशी संयोग पावतं. त्यामुळे ‘नायट्रोजन भरून ठेवलं, आता काळजी नाही’ हे इथे चालत नाही. आर्गॉन लागतो.

रुबिडियम आणि सीझियम सीलबंद काचेच्या कुपीतच येतात आणि तशाच ठेवायच्या. सीझियम २८.५ अंशांना वितळतो, रुबिडियम ३९ अंशांच्या थोडं वर. विदर्भाच्या उन्हाळ्यात दोन्ही कुपीत पातळ झालेले दिसतील. कॅल्शियमचे दाणे आणि मॅग्नेशियमची फीत कोरड्या घट्ट बाटलीत राहतात, त्यांना तेलाची गरज नाही. उगाच तेल घालून इंधन वाढवू नका.

पांढरा फॉस्फरस पाण्यात ठेवतात, तो धातू नाही. पण तो सोडियमच्या शेजारी ठेवलेला मी पाहिला आहे, ‘दोन्ही धोकादायक’ म्हणून एकाच फळीवर. एक पाण्यात, दुसरा पाण्याचा वैरी.

कपाट कुठे, शेजारी कोण

बेसिनच्या खाली नको, एसीच्या पाइपाखाली नको, छत गळतं त्या भिंतीला नको. फळी कमरेच्या उंचीची, म्हणजे बरणी पडली तरी उंचावरून पडणार नाही. आम्लं, ऑक्सिडीकारक आणि क्लोरीनयुक्त द्रावकं यांच्यापासून दूर.

शेवटचा मुद्दा सगळ्यात दुर्लक्षित आहे. बी.एस्सी.च्या लासेन चाचणीत सोडियम वितळवून सेंद्रिय पदार्थातले नायट्रोजन, गंधक, हॅलोजन शोधतात. हॅलोजन ओळखायच्या पुढच्या पायरीला क्लोरोफॉर्म किंवा कार्बन टेट्राक्लोराइड लागतं. एकाच टेबलावर, एकाच तासाला. सोडियम आणि ही द्रावकं एकत्र आली तर नुसत्या धक्क्यानेही स्फोट होऊ शकतो. त्यामुळे सोडियमचं वाटप खोलीच्या एका टोकाला, द्रावकाच्या बाटल्या दुसऱ्या टोकाला. सोडियम लागलेला चिमटा त्या बाटलीजवळ न्यायचा नाही.

वाटप शिक्षकाने किंवा लॅब असिस्टंटनेच करायचं. बरणी मुलांच्या हाती द्यायची नाही. एका विद्यार्थ्याला मसुराएवढा तुकडा, साधारण ०.१ ग्रॅम. तीस जणांच्या बॅचला ३ ग्रॅम. वर्षाचा हिशेब करा आणि तेवढाच मागवा. स्वस्त पडतं म्हणून अर्धा किलोची बाटली आणली की ती दहा वर्षं कपाटात राहते.

तुकडा टिपलेला फिल्टर पेपर कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. त्यावर बारीक कण असतात, वर कुणी ओला कागद टाकला की डबा पेटतो. असे कागद एका बीकरमधल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवायचे. उरलेले धातूचे काप मूळ बरणीत परत न टाकता ‘वापरलेला सोडियम’ अशा वेगळ्या छोट्या बाटलीत.

आग लागली तर

भिंतीवरचा लाल एबीसी (कोरड्या पावडरचा) सिलिंडर इथे उपयोगाचा नाही. त्याच्या झोताने वितळलेला धातू उडतो आणि ती पावडर धातूच्या आगीसाठी बनलेलीच नसते. कार्बन डायऑक्साइड सोडियमशी क्रिया करतो, फेसात पाणी असतं. एरवी रॉकेलच्या आगीला हेच उपाय योग्य ठरतात आणि म्हणूनच तेल कमी ठेवण्याचा आग्रह. सोडियम आणि रॉकेल एकत्र पेटले तर एका आगीवरचं औषध दुसरीला भडकवतं.

चालतं ते हे: निर्जल सोडा ॲश (कोरडं सोडियम कार्बोनेट), भट्टीत वाळवलेलं मीठ, पूर्ण कोरडी वाळू किंवा धातूंच्या आगीसाठीचा डी वर्गाचा सिलिंडर. लिथियमवर वाळू किंवा सोडा नको, ग्रॅफाइटची पूड हवी. हे सगळं सोडियमच्या कपाटाशेजारी झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत लांब दांड्याचं फावडं. व्हरांड्यात टांगलेल्या लाल बादलीतली वाळू जूननंतर ओली असते, तिच्यावर विसंबू नका. किराणा दुकानातल्या धुण्याच्या सोड्याच्या खड्यांतही स्फटिकजल असतं, वजनाच्या निम्म्याहून अधिक. ते म्हणजे पाणीच.

पूड वरून फेकायची नाही. कडेने आत सरकवत हळूच झाकायचं, जाड थर द्यायचा आणि थंड होईपर्यंत उकरून बघायचं नाही. आधी मुलं बाहेर. धूर अल्कलीचा असतो, डोळे आणि घसा भाजतो. आग बरणीपुरती नसेल तर तुम्हीही बाहेर. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करताना पहिलंच वाक्य ‘सोडियम आहे, पाणी मारू नका’ हे असू द्या. पत्ता त्यानंतर.

अंगावर कण उडाला तर आधी कोरड्या चिमट्याने किंवा ब्रशने काढा, मग भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं पाणी आणि तडक दवाखाना.

जुन्या धातूचं आणि तेलाचं काय करायचं

सोडियमचे छोटे काप, एका वेळी ग्रॅम-दोन ग्रॅम, लॅबमध्ये निकामी करता येतात. धुराड्याच्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये) किंवा मोकळ्या हवेत, जवळपास ज्योत नसताना, मोठ्या बीकरमध्ये ग्रॅममागे निदान ३० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. त्यात एकेक तुकडा सोडा, पहिला विरघळल्यावर दुसरा. प्रत्येक ग्रॅममागे अर्धा लिटरभर हायड्रोजन निघतो, म्हणून बीकर झाकायचं नाही. बुडबुडे मंदावले म्हणजे संपलं असं नाही, कधीकधी तुकड्यावर पांढरा थर धरून आत धातू उरतो. थोडं इथेनॉल घालून पुन्हा वाट बघा. सगळं विरघळून द्रावणात एकही घन कण उरला नाही याची खात्री झाल्यावरच थेंबथेंब पाणी. पोटॅशियमवर हा प्रयोग करू नका.

मोठे गोळे, पिवळं पडलेलं पोटॅशियम आणि लेबल नसलेल्या बरण्या यांना हात न लावता घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवायचं. महाराष्ट्रात अशी केंद्रं तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयातून पुढची रीत कळते. एकट्या शाळेला वाहतूक महाग पडते, तालुक्यातल्या चार-पाच कॉलेजांनी मिळून पाठवलं तर परवडतं.

राहिलं तेल. धातू काढून घेतलेल्या बरणीतलं रॉकेल बेसिनमध्ये ओतायचा मोह सगळ्यांना होतो. त्याच्या तळाशी सोडियमची बारीक पूड असते आणि बेसिनच्या वाकड्या नळीत कायम पाणी. तेलात आधी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून बरणी उघडी ठेवा, बुडबुडे पूर्ण थांबू द्या आणि मग ते ‘ज्वलनशील द्रव’ लेबलच्या डब्यात भरून त्याच गाडीतून पाठवा.